रिपोर्टमध्ये 'सिस्ट' आलंय, आता?

परवा रात्री साडेदहाला मावशीच्या सुनेने सोनोग्राफी रिपोर्टचा फोटो पाठवला, उजव्या ओव्हरीत (बीजकोशात) ४.२ सेंमीची सिंपल सिस्ट, खाली तीन रडके इमोजी. मावशीने तर गाठ म्हणजे कॅन्सरच असं धरून तोवर नवससुद्धा बोलून टाकला होता.

अहो पण ओव्हरी दर महिन्याला असा एक फुगा बनवतेच! बीज पाण्याने भरलेल्या पिशवीत पिकतं, ती साधारण २ सेंमीची झाली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. एखाद्या महिन्यात फुटायची राहिली तर फुगत जाते, ३ सेंमीच्या पुढे गेली की रिपोर्टात सिस्ट म्हणून येते, आणि बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपली आपण जिरते. म्हणून डॉक्टर "दोन महिन्यांनी परत बघू" म्हणतात, ती टाळाटाळ नसते. गाठ विरघळायच्या गोळ्या मागू नका, हार्मोनच्या गोळ्यांनी आधीची सिस्ट लवकर जात नाही.

सगळे सेंमी बघत बसतात, पण आत काय आहे तेही तितकंच बघायचं. पातळ भिंत आणि आत नुसतं पाणी, स्क्रीनवर काळंभोर, ती सिंपल. एंडोमेट्रिओसिसवाल्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) सिस्टमध्ये जुनं रक्त साठून चॉकलेटसारखं दाट होतं. आणि डर्मॉइड नावाच्या सिस्टमध्ये चक्क केस, चरबी, कधी दातही निघतात, कारण ती बीजपेशीपासूनच वाढते! या दोन्ही अशा जिरत नाहीत, मोठ्या झाल्या किंवा त्रास द्यायला लागल्या तर दुर्बिणीतून काढतात. (पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास, त्यातल्या 'सिस्ट' म्हणजे खरं तर बीजांच्या अर्धवट वाढलेल्या बारीक पिशव्या, तो विषयच वेगळा.)

सीए-१२५ची टेस्ट (ओव्हरीच्या कॅन्सरच्या शंकेने करतात ती रक्ततपासणी) घाबरून स्वतःहून करू नका, तो आकडा पाळीत, फायब्रॉइडमध्येही (गर्भाशयातल्या साध्या गाठी) वाढतो. पाळी बंद झालेल्या बाईला सिस्ट निघाली तर मात्र नीट तपासणी हवी, तिथे ही टेस्टही उपयोगी पडते.

एका गोष्टीत वाट बघायची नाही. अचानक एका बाजूला ओटीपोटात असह्य दुखलं आणि सोबत उलट्या, तर सिस्टच्या वजनाने ओव्हरीला पीळ बसलेला असू शकतो, रक्तपुरवठा तुटतो, सकाळपर्यंत थांबू नका, तेव्हाच्या तेव्हा हॉस्पिटल गाठा.

सुनेला सांगितलं, पुढची सोनोग्राफी पाळी संपल्या संपल्या कर, नाहीतर त्या महिन्याचा नवा फुगा दिसेल आणि परत मला रात्री साडेदहाला फोटो येईल.