जुन्या गाडीची चाके: रंग द्यावा की पावडर कोटिंग करावे?

जुनी गाडी हळूहळू पूर्ववत करायला घेतलेला माणूस बहुधा चाकांपासून सुरुवात करतो. जॅक लावला की चाक सुटे होते, एका वेळी एकच काम हातात घेता येते आणि बाकीची गाडी झाकून ठेवता येते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीची १४ इंची पोलादी डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो तो चाकाचा धातूचा भाग, टायर उतरवून उलटी धरली, तर आतल्या बाजूला बहुतेक वेळा रंगाचे पोपडे आणि त्यांच्याखाली गंजाचे बारीक खड्डे दिसतात. मग प्रश्न येतो तो रंग द्यायचा की पावडर कोटिंग करायचे, हा. पावडर कोटिंग म्हणजे जरा महाग आणि जास्त टिकाऊ रंग, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत आणि जुन्या डिस्कच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो.

रंग द्रवरूप असतो. थिनर उडून गेल्यावर, आणि हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) मिसळलेल्या रंगात रासायनिक क्रियेने, तो साध्या हवेत घट्ट होतो. पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतोच. कोरडी भुकटी विद्युतभारित करून अर्थिंग केलेल्या डिस्कवर उडवतात, ती धातूला चिकटून राहते, आणि मग डिस्क भट्टीत सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला तापवली की भुकटी वितळून सलग थर तयार होतो. हा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाड भरतो, तर रंगाचा एक हात त्याच्या निम्म्याहूनही कमी. खडी उडणाऱ्या रस्त्यावर ही जाडी नक्कीच उपयोगी पडते, आणि डिस्क नवी, गुळगुळीत असेल तर मीही पावडर कोटिंगच सुचवीन.

गंजाचे खड्डे पडलेली डिस्क मात्र वेगळी. रंगकामात ते खड्डे लांबी (पुट्टी) भरून, पाण्याच्या पेपरने घासून सपाट करता येतात. पण गॅरेजमधली नेहमीची लांबी भट्टीची उष्णता सोसत नाही, त्यामुळे पावडरखाली ती वापरता येत नाही आणि खड्डे आहेत तसेच चकचकीत थराखाली दिसत राहतात. दुसरी अडचण सांध्याची. मधली तबकडी बाहेरच्या कड्याला जिथे जोडलेली असते, तिथल्या अरुंद फटीत पाणी साचते आणि गंज तिथूनच सुरू होतो. विद्युतभारित पावडर जवळच्या कडांकडे ओढली जात असल्यामुळे नेमक्या त्या खोल कोपऱ्यात ती कमी पोचते, तर पातळ इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, ब्रशने त्या फटीत उतरवता येतो. पावडरच्या थराला एखाद्या दगडाने भोक पडले की पाणी आत शिरते, थराखाली गंज पसरत जातो आणि पुढे मोठा पापुद्राच सुटतो. रंगाचा टवका उडाला, तर तेवढाच भाग घासून त्यावर पुन्हा हात मारता येतो.

म्हणूनच पद्मिनीसारख्या गाडीच्या खड्डे पडलेल्या डिस्कसाठी मी रंगाच्या बाजूने आहे. सॅंड ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूसारख्या कणांचा जोराचा मारा करून, धातू उघडा केल्यावर प्रायमर त्याच दिवशी द्यावा, कारण पावसाळी किंवा किनारपट्टीच्या दमट हवेत उघड्या लोखंडावर काही तासांतच तांबूस छटा चढते. हार्डनर मिसळलेल्या रंगातील आयसोसायनेट श्वसनमार्गाला घातक असते, त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून तो रंग कधीही उडवू नये. हे काम योग्य मास्क आणि खेळती हवा असलेल्या पेंटरकडेच सोपवावे.

अलॉयच्या डिस्कला पावडर कोटिंग करायचे असल्यास भट्टीच्या तापमानाची आधी चौकशी करावी, कारण जास्त उष्णतेने किंवा वारंवार भाजल्याने ॲल्युमिनियमची मजबुती घटू शकते.

दोन्ही प्रक्रियांमध्ये एक जागा कोरी सोडावी लागते, आणि सर्वांत जास्त हयगय तिथेच होते. नट किंवा बोल्ट जिथे टेकतो तो उतरता खळगा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला) चिकटणारा मागचा सपाट भाग हाताने चाचपून पाहावा. तिथे जाड थर असेल, तर गाडी चालताना तो दबतो, चुरतो आणि आवळलेले नट सैल पडतात. पावडर जाड असल्याने हा धोका तिच्यात अधिक. त्या जागा आधीच झाकून घ्याव्यात. रंग हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला सुमारे आठवडा लागतो, तोवर टायर चढवू नये, नाहीतर टायर बसवणाऱ्या यंत्राचा जबडा कडेचा नवा रंग ओरबाडतो. टायर चढल्यावर बॅलन्सिंग पुन्हा करून घ्यावे आणि गाडी ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर चारही चाकांचे नट पान्याने पुन्हा एकदा तपासून आवळावेत.