चाकू, किल्ल्यांच्या जुडग्यातला

किल्ल्यांच्या कडीत अडकवता येईल एवढा लहान घडीचा चाकू. मिटल्यावर त्याची लांबी साधारणपणे ५ ते ६.५ सेंमी. भरते आणि वजन बहुधा २० ते ३० ग्रॅमच्या आसपास असते. पाते एक, क्वचित दोन. जोडीला कात्री, नखांची कानस, चिमटा, दातकोरणे यांपैकी काही. मराठीत या वस्तूला ठरलेले असे एक नाव नाही. घडीचा चाकू, खिशातला चाकू, किचेनचा चाकू असे काहीही म्हटले जाते. मूठ लाल असली की तो कोणीही बनवलेला असो, ‘स्विस नाईफ’ होतो. रामपुरी चाकूही घडीचाच, पण त्याची लांबी, लौकिक आणि उपयोग सगळेच निराळे असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

शब्द : ‘चाकू’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो त्याच्या आधीचा. फारसीतील ‘चाक़ू’ हा मूळचाच फारसी शब्द मानावा, की तो तुर्की भाषांतून तेथे गेला असे धरावे? आजच्या तुर्कीत ‘चाकी’ या शब्दाचा अर्थ कोणताही चाकू असा नसून नेमका घडीचा, खिशात ठेवायचा चाकू असा आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीला तेथे ‘बिचाक’ हा वेगळा शब्द आहे. हे अर्थसाम्य योगायोगाचे मानणे कठीण असल्याने तुर्की मूळ अधिक संभवनीय वाटते. मराठीनेही हा भेद बराच काळ पाळलेला दिसतो. संस्कृत ‘क्षुरिका’पासून आलेली सुरी ही उघडी, स्थिर पात्याची; चाकू हा मिटणारा. ‘चाकूसुऱ्या’ हा जोडशब्द दोन्ही वस्तू निराळ्या होत्या म्हणूनच तयार झाला असावा. स्वयंपाकघरात विळी मागे पडली, ओट्यावर उभे राहून भाजी चिरण्याची पद्धत आली, आणि हा भेद पुसट झाला. आज ‘चाकू’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा टोमॅटो चिरायचे न मिटणारे पाते येते.

लहान चाकूचा संबंध लेखणीशी जोडलेला आहे, आणि तो अनेक भाषांत सारखाच आढळतो. इंग्रजीतील ‘पेननाईफ’ हे नाव पिसाची लेखणी तासण्याच्या कामावरून पडले. फ्रेंचमधील ‘कानिफ’ हाही मुळात लेखणी तासण्याचा चाकू. तो शब्द व इंग्रजी ‘नाईफ’ एकाच जर्मानिक मुळाचे. फारसीत ‘कलमतराश’, म्हणजे शब्दशः कलम तासणारा. इराणी व उस्मानी सुलेखनकारांकडे कलमतराशाबरोबर ‘मक्ता’ नावाची हाडाची किंवा हस्तिदंताची छोटी पट्टी असे. तिच्यावर कलम टेकवून टोकाला तिरका छेद देत. आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या कलमदानात बोरू, दौत आणि बोरू तासायचा चाकू हे सोबती होते. बोरूचे टोक लिहिता लिहिता मऊ पडते आणि अक्षर जाड येऊ लागते. मग पुन्हा तासणे आले. म्हणजे लिहिणाऱ्याला चाकू रोज, दिवसातून अनेकदा लागे. ‘बोरूबहाद्दर’ हा शब्द आजही वापरात आहे, त्याचा चाकू मात्र विस्मरणात गेला. पुढे शिसपेन्सिल आली तेव्हा तिला टोक करण्याचे काम याच चाकूकडे आले. शाळेत ते अर्ध्या ब्लेडने आणि नंतर टोकयंत्राने हिरावले.

प्राचीनता : मिटणारे पाते ही कल्पना बरीच जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा चाकू सामान्यतः इ. स. पू. ६०० ते ५०० या काळातील मानतात. रोमन काळातील घडीचे चाकू युरोपात अनेक ठिकाणी मिळाले आहेत. केंब्रिज येथील फिट्सविल्यम संग्रहालयात चांदी व लोखंडाचे एक रोमन उपकरण असून त्यात चमचा, काटा, टोचा व पाते घडी घालून बसवले आहे. ते इ. स. तिसऱ्या शतकातील असावे असे सांगितले जाते. त्याला ‘पहिला स्विस नाईफ’ म्हणण्याची लोकप्रिय लेखनातील हौस मात्र आवरती घ्यावी. त्या उपकरणाची आणि आजच्या चाकूची परंपरा अखंड आहे, असे दाखवता येत नाही.

रचना : या जुन्या चाकूंची पाती केवळ खिळ्याच्या घर्षणावर उघडी राहत. खिळा सैल झाला की पाते आपोआप लोंबे. हा दोष दूर झाला तो मुठीच्या पाठीत लांबट पोलादी पट्टी बसवल्यामुळे. तिला पाठीची स्प्रिंग म्हणतात. पात्याच्या बुडाला दोन सपाट बाजू असतात. पाते मिटलेले असते तेव्हा एक बाजू पट्टीवर टेकते, पूर्ण उघडल्यावर दुसरी. मधल्या वाटेत बुडाचा कोपरा पट्टीला वर ढकलतो, पट्टी वाकते, आणि शेवटच्या टप्प्यात ती परत सरळ होताना पात्याला खेचून घेते. चांगल्या चाकूचा ‘टक्’ असा आवाज येतो तो या क्षणी. नखाने उघडताना जाणवणारा अडेलपणा आणि मग एकदम मिळणारी मोकळीक, दोन्ही त्या पट्टीचीच.

ही सुधारणा इंग्लंडमधील शेफील्ड येथे सतराव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली असे बहुतेक लेखक मानतात. ती प्रथम तेथेच सुचली की युरोपखंडातून आली, याविषयी एकमत नाही. शेफील्ड चाकूसाठी त्याआधीपासून प्रसिद्ध होते, इंग्रज कवी चॉसर याच्या चौदाव्या शतकातील काव्यात तेथील सुरीचा उल्लेख आहे, आणि १६२४ मध्ये तेथील कारागिरांचा अधिकृत संघ स्थापन झाला, एवढे निर्विवाद. घाऊक प्रमाणावर स्वस्त स्प्रिंगचा चाकू शेफील्डने दिला असे म्हणणे सुरक्षित ठरते. येथे एक महत्त्वाची गोष्ट नोंदवावी लागते. पाठीची स्प्रिंग पात्याला धरून ठेवते, पण कुलूप लावत नाही. उलट दिशेने दाब दिला की पाते मिटते. लहान चाकूने बोट कापल्याच्या बहुतेक हकिकतींचे मूळ यात आहे, आणि पुढे पाहू त्याप्रमाणे काही देशांच्या कायद्यात त्याला मिळालेल्या सवलतीचेही.

कडीची परंपरा : स्विस सैनिकी चाकू लहान करत करत किल्ल्यांचा चाकू झाला, असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. एकोणिसाव्या शतकात शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगन येथे खिशातल्या घड्याळाच्या साखळीला अडकवण्याचे शिंपल्याच्या किंवा चांदीच्या मुठीचे नाजूक चाकू बनत. त्याच काळातील युरोपीय गृहिणी कमरेच्या साखळीला किल्ल्या, कात्री, अंगुस्तान टांगत. किल्ली आणि हत्यार एका कडीत आणणारी रीत ही अशी, सैन्याशी संबंध नसलेली. फ्रान्समधील साव्वा प्रांतातील जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास काढलेला लाकडी मुठीचा चाकू १८९७ पासून १ ते १२ अशा क्रमांकांच्या आकारांत मिळू लागला. त्यातील १ क्रमांकाचा चाकू अगदी चिमुकला होता. पुढे तो बंद झाला.

महाराष्ट्रातही या कडीला नातलग आहेत. कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा एका छोट्या कडीत ओवलेला चांदीचा किंवा पितळेचा संच पूर्वी चंचीत नाहीतर कमरेला असे. काही पुरुष किल्ली जानव्याला बांधत, बायका किल्ल्यांचा छल्ला कमरेला खोचत. सुपारीसाठी अडकित्ता होताच. यात चाकू क्वचितच दिसतो, बाकी सगळी कामे तीच. स्विस चाकूच्या मुठीत सरकवलेले दातकोरणे आणि चिमटा पाहून जुन्या माणसांना नवल वाटले नसावे.

स्विस चाकू : कार्ल एल्झेनर (जन्म १८६०) याने १८८४ मध्ये श्वित्स परगण्यातील इबाख येथे कारखाना काढला. स्विस सैन्याचे पहिले चाकू जर्मनीत बनले होते. १८९१ पासून एल्झेनर ते पुरवू लागला. १२ जून १८९७ रोजी त्याने हलक्या ‘ऑफिसर’ चाकूची नोंदणी केली. आईच्या निधनानंतर १९०९ मध्ये तिच्या नावावरून कंपनीचे नाव ‘व्हिक्टोरिया’ ठेवले गेले. गंज न चढणाऱ्या पोलादाला फ्रेंचमध्ये ‘इनॉक्स’ म्हणतात. १९२१ मध्ये ते वापरात आले आणि दोन्ही शब्द मिळून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. ‘स्विस आर्मी नाईफ’ हे नाव दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांमुळे पसरले. स्विस लोक स्वतः त्याला ‘झाकमेसर’, म्हणजे सरळ ‘खिशातली सुरी’ म्हणतात. देलेमॉ येथील वेंगर ही दुसरी पुरवठादार कंपनी २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने घेतली.

किल्ल्यांच्या चाकूंत सर्वांत परिचित तो याच कंपनीचा ५८ मिमी. लांबीचा ‘क्लासिक’. पाते, कात्री, कानस, चिमटा, दातकोरणे आणि कडी एवढा त्याचा संसार, वजन सुमारे २१ ग्रॅम. ‘क्लासिक एसडी’ या प्रकारात कानशीचे टोक सपाट करून त्याचा पेचकस केलेला असतो. ‘एसडी’ ही अक्षरे त्या पेचकसाच्या इंग्रजी नावाची. पात्याच्या पोलादाची कठिणता रॉकवेल मापात सुमारे ५६, कात्रीची व कानशीची ५३, स्प्रिंगची ४९ अशी चढउतार मुद्दाम ठेवलेली आहे. स्प्रिंगला धार नको, लवचिकपणा हवा. पाते फार कठीण नसल्याने धार लवकर जाते, पण घरच्या साध्या दगडावर दोन मिनिटांत परतही येते. या आकारात हा सौदा योग्यच म्हणावा लागेल. अमेरिकी लेदरमन कंपनीचा ‘मायक्रा’ (१९९६) कात्रीला मध्यवर्ती मानून बनवला आहे. त्यातून या वस्तूचा खरा उपयोग कोणता, हे बरेचसे कळते.

वापर : पाकिटाचा कोपरा, औषधाची पट्टी, नव्या कपड्याचे लेबल, बोटात गेलेली कूस, चष्म्याचा सैल झालेला स्क्रू, पार्सलची सुतळी, प्रवासात कैरी. महाराष्ट्रात हे काम स्विस चाकूपेक्षा नेलकटरमधल्या पात्याने अधिक केले असावे. लोकलगाडीत आणि एसटी स्थानकांवर फेरीवाले विकत असलेल्या नेलकटरला एक बोथट पाते, बाटली उघडायचा आकडा आणि साखळी असे. दक्षिण कोरियाच्या ‘थ्री सेव्हन’ छापाचे नेलकटर त्यात सरस मानले जात. स्विस चाकू मात्र दीर्घकाळ परदेशाहून येणाऱ्या नातलगाने आणायची वस्तू होता. चाकू भेट दिला तर मैत्री तुटते म्हणून बदल्यात नाणे द्यावे असा युरोपीय समज आहे. आपल्याकडची भीती कात्रीपुरती, ती रिकामी वाजवली की घरात भांडण होते. उलट तान्ह्या बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवण्याच्या प्रथेत अडकित्त्याच्या जागी हा छोटा चाकूही चालून जातो.

प्रस्तुत लेखकाने पाहिलेला असा एक चाकू तीसेक वर्षे जुडग्यात राहिलेला आहे. किल्ल्यांनी घासून मुठीचा तांबडा रंग मळकट झाला आहे आणि तिच्यावरील स्विस क्रूसाच्या दोन भुजा गेल्या आहेत. धार लावून लावून पाते मधोमध बारीक झाले आहे, दातकोरण्याचे खोबण रिकामे आहे, आणि बिजागरीत खिशातल्या सुताचा गोळा बसला आहे. कात्री अजून नीट चालते. मालकाला त्याविषयी विचारले तर तो चाकूबद्दल थोडे आणि खिशाबद्दल जास्त बोलतो: कोणत्या पँटचा खिसा यामुळे फाटला, कोणत्या गावी काय कापले. या वस्तूविषयीची हळहळ प्रायः अशीच असते. चाकू चांगला होता म्हणून नव्हे, तर तो हाताशी होता म्हणून.

बंधने : तो हातातून गेला बहुतेकांच्या बाबतीत विमानतळावर. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानाच्या केबिनमध्ये चाकू नेण्यास बंदी आली, विमानतळांवरील दुकानांतून तो हटला आणि व्हिक्टोरिनॉक्सची चाकूविक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरली. अमेरिकेत प्रवाशांनी सोडून दिलेले चाकू राज्य सरकारे नंतर घाऊक विकत. मार्च २०१३ मध्ये तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाने ६ सेंमी.पर्यंतच्या पात्यांना परवानगी जाहीर केली, पण विमान कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला. युरोपीय संघाच्या नियमांत मात्र ६ सेंमी.ची मर्यादा मान्य आहे. भारतात केबिनमध्ये कोणताच चाकू चालत नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याने ३ इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला सूट दिली. पात्याला कुलूप असेल तर ती मिळत नाही असे न्यायालयांनी ठरवले, म्हणजे जुनी शेफील्डची स्प्रिंगच येथे कामी येते. भारतीय शस्त्र नियमांतील मर्यादा ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदीची आहे, तेव्हा हा चाकू त्यात येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेशांच्या यादीत मात्र चाकू असतो, आणि तेथे लांबी सांगितलेली नसते.

जपानमधील ‘हिगोनोकामी’ या घडीच्या चाकूची कहाणी याला समांतर आहे. ह्योगो प्रांतातील मिकी येथे मेइजी काळाच्या (१८६८ ते १९१२) उत्तरार्धात तो बनू लागला आणि शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत. १९६० मध्ये समाजवादी नेते असानुमा यांची तरुणाने भोसकून हत्या केली. ते हत्यार हिगोनोकामी नव्हते, तरीही त्यानंतर मुलांच्या हाती चाकू नको अशी मोहीम जोर धरून त्याचे उत्पादन झपाट्याने कमी झाले.

मे २०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनी पाते नसलेल्या नव्या साधनांवर काम चालू असल्याचे सांगितले. ५८ मिमी. मापात बिनपात्याचा एक प्रकार कंपनीने याआधीही काढला होता. जुन्या चाकूंसाठी दातकोरणी, चिमटे आणि कात्रीची स्प्रिंग सुटी मिळतात; दातकोरण्याची मापे लहान आणि मोठे अशी दोन असून ५८ मिमी. च्या चाकूत लहान बसते.