रोपवन व्यवस्थापनातील लोकसहभाग

रोपवन म्हणजे ठरावीक अंतरावर रोपे लावून उभे केलेले, बहुधा एक-दोन जातींच्याच झाडांचे वन. अशा वनाची जागा व जाती ठरवण्यापासून राखण, विरळणी (दाट झालेल्या झाडांपैकी काही काढून टाकणे), तोड आणि उत्पन्नाच्या वाटणीपर्यंतच्या निर्णयांत परिसरातील लोकांना मजुरीपलीकडचे स्थान देणे, यास रोपवन व्यवस्थापनातील लोकसहभाग म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रह्मदेशात जर्मन वनाधिकारी डीट्रिख ब्रँडिस यांच्या काळात रूढ झालेली टांग्या पद्धत हे त्याचे जुने, पण अपुरे रूप होय. फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांनी सागाची लागवड करून ती जपावी व मोबदल्यात पहिली काही वर्षे ओळींमधल्या जागेत भात घ्यावा, असा तो व्यवहार होता. सावली दाटली की पीक थांबे, शेतकरी पुढच्या तुकड्याकडे वळे आणि साग सरकारचा राही. त्यामुळे ही पद्धत सहभागापेक्षा स्वस्त मजुरीची तजवीजच अधिक होती. उत्पन्नातील वाट्याचे तत्त्व पुढे आले ते पश्चिम बंगालमधील आराबारी येथे. तेथे १९७०च्या दशकात सालवन राखण्याच्या बदल्यात गावकऱ्यांना विक्रीच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा देऊ करण्यात आला. भारत सरकारच्या १ जून १९९०च्या परिपत्रकाने संयुक्त वनव्यवस्थापनाला, म्हणजे वनखाते व गावकरी यांनी मिळून वन राखण्याच्या पद्धतीला, देशव्यापी चालना दिली. दक्षिण आफ्रिकेत मात्र कागद कंपन्या लहान शेतकऱ्यांना त्यांच्याच जमिनीवर निलगिरी लावण्यासाठी रोपे व उचल देतात आणि तोडीच्या वेळी ती वळती करून घेतात.

खरी अडचण काळाची असते. लागवड होताच चराई आणि सरपण बंद होते, तर लाकडाचा पैसा अनेक वर्षांनी येतो. मधल्या काळात ज्यांना त्या वनातून काहीच मिळत नाही, त्यांनी वणवा विझवायला धावावे ही अपेक्षा फोल ठरते. म्हणून क्षेत्र तुकड्यातुकड्याने बंद करणे, गवत कापून नेऊ देणे, विरळणीतील बल्ल्या व फांद्या गावाला देणे आणि शेंडे गुरांच्या तोंडाबाहेर गेल्यावर चराई पुन्हा खुली करणे, हे उपाय दूरच्या नफ्याच्या आश्वासनापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

कागदोपत्री पडीक ठरलेली जमीन पुष्कळदा गायरान असते आणि तिच्यावर भूमिहीन व सरपण गोळा करणाऱ्या स्त्रिया सर्वाधिक अवलंबून असतात. समितीत मात्र जमीनदारांचाच आवाज चालतो. त्यामुळे लागवडीपूर्वी पूर्ण माहिती देऊन मुक्त संमती घेण्याचा आग्रह वाढला असून, १९९३मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल या जबाबदार वनव्यवस्थापनाचे प्रमाणन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निकषांतही स्थानिक व आदिवासी समूहांच्या हक्कांना स्थान आहे.