डबा शाबूत, आतला खरवस नाही

२८ सप्टेंबर २००२, शनिवार. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या शवागारात ५० वर्षांच्या एका माणसाचा देह टेबलावर होता. चार दिवसांपूर्वी हृदयविकाराने गेलेला हा माणूस म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा माजी खेळाडू माइक वेबस्टर. गावात त्याला न ओळखणारं कुणी शोधून सापडलं नसतं. नेमकं शवविच्छेदन ज्याच्या वाट्याला आलं, तो बेनेट ओमालू हा तरुण डॉक्टर मात्र त्याला ओळखत नव्हता. तो मूळचा नायजेरियाचा. अमेरिकन फुटबॉलशी त्याचं देणंघेणं नव्हतं. मला वाटतं, पुढचं सगळं घडलं त्यात या अनोळखीपणाचा वाटा मोठा आहे. टेबलावर त्याला कुणी देव दिसत नव्हता, एक न सुटलेलं कोडं दिसत होतं.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की मेस्सी-रोनाल्डो. हा खेळ वेगळा. बॉल लांबुळका, अंगावर चिलखतासारखे पॅड, डोक्यावर हेल्मेट. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण रेषेच्या अल्याड-पल्याड उभे राहतात आणि प्रत्येक डाव जेमतेम काही सेकंद चालतो. वेबस्टरची जागा मधली, ‘सेंटर’ची. वाकायचं, पाय फाकवायचे, एक हात जमिनीवरच्या बॉलवर. समोर हातभर अंतरावर तसाच वाकलेला, शंभर किलोंच्या पुढचा गडी. इशारा झाला की बॉल दोन पायांमधून मागे चढाईची सूत्रं सांभाळणाऱ्या ‘क्वार्टरबॅक’च्या हातात द्यायचा आणि त्याच झटक्यात समोरच्याला अंगावर घ्यायचं. हात तर बॉलमध्ये गुंतलेले. मग आधी काय पुढे जाणार? डोकं. त्यात १९७८ पर्यंत या जागेवरच्या खेळाडूंना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून समोरच्याला थोपवायला परवानगीच नव्हती. उलट समोरच्याने हेल्मेटवर सणसणीत थप्पड मारली तर ती १९७७ पर्यंत नियमात बसायची.

वेबस्टर विस्कॉन्सिन राज्यातला, बटाट्याच्या शेतावर वाढलेला. १९७४ च्या खेळाडू निवडीत पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाने त्याला पाचव्या फेरीत घेतलं, म्हणजे कुणाला त्याच्याकडून फार अपेक्षा नव्हत्या. या खेळासाठी तो अंगाने लहानच समजला जायचा. त्याने मेहनतीने अंग कमावलं. कडाक्याच्या थंडीत, बर्फात, बाह्या वर चढवून उघड्या दंडांनी तो मैदानात उतरायचा. स्टीलर्सने सहा वर्षांत चार सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम सामने, जिंकले, चारही संघांत तो होता. पंधरा मोसम पिट्सबर्गला, शेवटचे दोन कॅन्सस सिटीच्या संघात. एकूण १७ मोसम, २४५ सामने. लोक त्याला ‘आयर्न माइक’ म्हणत.

एक साधा हिशेब मांडून बघू. एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला चढाईचे साधारण ६० डाव येतात. ६० गुणिले २४५, म्हणजे चौदा हजारांच्या वर. काही सामने त्याने पूर्ण खेळले नसतील हे धरलं, तरी आकडा दहा हजारांच्या खाली सहज येणार नाही. यात सराव नाही, कॉलेजची वर्षं नाहीत. प्रत्येक डावाला डोक्याला काही ना काही लागतंच. मी या आकड्यापाशी पुन्हा पुन्हा येतो, कारण वेबस्टरच्या आयुष्यात बोट दाखवावं असा एखादा भयंकर अपघात नाही. आहेत त्या फक्त रोजच्या टकरी, ज्यानंतर माणूस उठतो, माती झटकतो आणि पुढच्या डावाला वाकतो.

१९९० च्या मोसमानंतर तो थांबला आणि मग जे झालं ते वाचवत नाही. स्मरणशक्ती गेली. राग आवरेना. पैसा कुठे गेला कळेना, घर मोडलं. चार सुपर बोल जिंकलेला माणूस आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपू लागला, कधी रेल्वे स्टेशनवर. निखळलेले दात सुपरग्लूने चिकटवायचा. झोप लागावी म्हणून विजेचा झटका देणारी बंदूक स्वतःवर चालवायचा. कागदामागून कागद भरून पत्रं लिहायचा, ज्यांतलं एक वाक्य दुसऱ्याला धरून नसायचं. १९९७ साली त्याला फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, स्थान मिळालं, ते याच काळात.

ओमालूने कवटी उघडली. मुष्टियोद्ध्यांचे मेंदू आक्रसलेले असतात हे त्याला माहीत होतं, तसंच काही दिसेल अशी त्याची अटकळ. पण मेंदू डोळ्यांना अगदी धडधाकट दिसला. इथे नव्वद टक्के माणसांनी ‘हृदयविकार’ लिहून फाइल मिटवली असती. ओमालूने मेंदू फॉर्मॅलिनमध्ये ठेवायला लावला, पातळ काप करवून घेतले, त्यांना रंग दिला. खर्च स्वतःच्या खिशातून केला. काचा आल्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा पेशींमध्ये तपकिरी गुंते दिसले. ५० वर्षांच्या माणसात ते असायला नको होते.

हे गुंते कशाचे हे समजायला आधी मेंदूचा पोत डोळ्यांसमोर आणावा लागतो. जिवंत मेंदू फार मऊ असतो. गाय व्याल्यावर घरी येणारा खरवस आठवा. स्टीलच्या डब्यात खरवस भरून गावाहून येताना एसटीने करकचून ब्रेक मारला तर डब्याला पोचाही येत नाही, पण झाकण उघडलं की खरवसाला मधोमध चीर गेलेली असते. डबा थांबला, आतला ऐवज थांबला नाही. कवटी आणि मेंदूचं असंच आहे. डोकं नुसतं मागेपुढे हललं नाही, गर्रकन फिरलं, तर आतले थर एकमेकांवरून सरकतात आणि ताण आणखी वाढतो.

हेल्मेट म्हणजे जाड डबा. तो कवटी फुटू देत नाही, आणि ते काम तो चोख करतो. दुचाकीवर हेल्मेट घातलंच पाहिजे, त्याबद्दल कुणी मनात किंतु आणू नये, कारण तिथला पहिला धोका कवटी फुटण्याचाच आहे. पण आतला खरवस हलायचा तो हलतोच. किंबहुना डोकं सुरक्षित आहे या भरवशावर फुटबॉलमध्ये डोकंच हत्यार झालं.

चेतापेशीला एक लांब शेपूट असतं, त्याला अक्षतंतू म्हणतात. त्यातून रसायनांची ने-आण चालते, ती अतिसूक्ष्म नळ्यांवरून. या नळ्या जुळवून धरतं टाऊ नावाचं प्रथिन. इमारतीला रंग देताना बांबूंची परांची बांधतात, तिथे काथ्याच्या गाठी जे काम करतात तेच टाऊचं. टकरीने तंतू ताणले गेले की नळ्या खिळखिळ्या होतात, टाऊला फॉस्फेटचे जास्तीचे रेणू चिकटतात आणि ते नळ्यांवरून सुटतं. सुटलेला काथ्या खाली पडून त्याचा गुंता व्हावा, तसे टाऊचे धागे एकमेकांत अडकून पेशीत गाठी होतात. परांची खचते, पेशी मरते. आणि बिघडलेलं टाऊ शेजारच्या पेशींतल्या टाऊलाही बिघडवत जातं असं दिसतं. खेळ थांबून वर्षं लोटल्यावरही आजार वाढतो, त्याचं हे संभाव्य कारण.

टाऊचे गुंते अल्झायमरमध्येही सापडतात. मग हा वेगळा आजार कशावरून? जागेवरून. इथे टाऊ साचतं ते मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती. टकरीची संगणकावर प्रतिकृती करून पाहिली तर ताण सर्वांत जास्त पडतो तोही त्याच तळाशी. अख्ख्या विषयात मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा हाच.

आजाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, सीटीई. ओमालूने तो शून्यातून शोधलेला नाही. १९२८ मध्येच हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने झिंगल्यासारखे चालणाऱ्या-बोलणाऱ्या मुष्टियोद्ध्यांबद्दल लिहिलं होतं. हेल्मेट घालणाऱ्या व्यावसायिक फुटबॉलपटूच्या मेंदूत तो दाखवणारा निबंध मात्र ओमालू आणि सहकाऱ्यांचा, २००५ मध्ये आलेला. तो मागे घ्या, अशी मागणी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या डोकेदुखापत समितीतल्या डॉक्टरांनी केली. या समितीचं अध्यक्षपद अनेक वर्षं एका संधिवाताच्या डॉक्टरकडे होतं. निबंध मागे घेतला गेला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, की खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाच्या मंडळाने स्वतःच वेबस्टरला डोक्यावरच्या आघातांमुळे पूर्ण अपंग मानलं होतं, १९९९ मध्येच. वाद उरला होता तो अपंगत्व कधीपासून धरायचं याचा. तो २००६ मध्ये अपील न्यायालयात कुटुंबाच्या बाजूने सुटला. सीटीईशी फुटबॉलचा संबंध आहे हे लीगच्या अधिकाऱ्याने उघडपणे मान्य करायला मार्च २०१६ उजाडलं.

पुढचं मोठं काम बॉस्टन विद्यापीठात ॲन मकी यांच्या प्रयोगशाळेत झालं. २०१७ मध्ये त्यांनी २०२ फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले १११ एनएफएलमध्ये खेळलेले होते, आणि या १११ पैकी ११० जणांत सीटीई सापडला. हा आकडा बातम्यांत ‘९९ टक्के खेळाडूंना आजार’ असा फिरला, तो तसा वाचणं चूक आहे. ज्यांच्या वागण्यात बिघाड दिसला, त्यांच्याच घरचे बहुधा मेंदू दान करतात. तेव्हा सगळ्या खेळाडूंमध्ये प्रमाण किती, हे यावरून निघत नाही. पण सर्वसाधारण लोकांच्या मेंदूंत तो अगदी क्वचित सापडतो, हेही त्याच गटाने नंतर दाखवलं आहे. आणखी एक गोष्ट ठळक झाली: धोका वाढतो तो किती वर्षं खेळलात त्यानुसार. किती वेळा शुद्ध हरपली यापेक्षा किती वर्षं टकरा झेलल्या, याला वजन जास्त.

आपल्या ओळखीच्या फुटबॉललाही हे लागू आहे. वेबस्टर गेला त्याच वर्षी, जानेवारी २००२ मध्ये, इंग्लंडचा जेफ ॲस्टल वारला. वय ५९. हेडरने गोल करण्यात त्याचा हातखंडा होता. वर्षानुवर्षं बॉल डोक्याने मारून मेंदूला इजा झाली, हा ‘व्यवसायजन्य आजार’, असा निष्कर्ष मृत्युचौकशीत निघाला. २०१४ मध्ये त्याचा मेंदू पुन्हा तपासला, तेव्हा सीटीईच दिसला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सॉकर संघटनेने दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडर मारायला बंदी केली.

एनएफएलमध्येही नियम बदलले. लीग आणि खेळाडूंमधल्या २०११ च्या करारानंतर मोसम चालू असताना पॅड घालून होणारे सराव १४ वर आले, म्हणजे एरवी आठवडाभर चालणारी धडकाधडकी बरीच कमी झाली. माझ्या मते सगळ्या नव्या हेल्मेटांपेक्षा हा बदल मोलाचा, कारण त्याने टकरीच कमी होतात. डोकं खाली घालून धडकण्याला दंड आला. पण मधल्या रेषेवरचा सेंटर आजही दर डावाला वाकतो आणि समोरच्याला भिडतो. तो खेळाचा गाभा आहे, तिथे नियमांना फारशी जागा नाही.

जिवंत माणसात सीटीईचं पक्कं निदान करणारी चाचणी अजून नाही. टाऊला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन पेट स्कॅन करायचा, रक्तातल्या खुणा शोधायच्या, असे प्रयत्न चालू आहेत. त्यासाठी निवृत्त खेळाडू स्वतःहून प्रयोगशाळांत येऊन पडतात, तासन्‌तास स्मरणशक्तीच्या चाचण्या देतात, आणि जाताना मृत्यूनंतर मेंदू घ्या म्हणून कागदावर सही करून जातात.