कांद्यावरची काजळी आणि रक्तातली साखर

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात, घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरत होता. कांद्याच्या सालीवर काळं दिसलं तर तो कांदा वापरू नका, फ्रिजच्या रबराला धरलेला काळा थर पुसून काढा, त्यातूनच ‘काळी बुरशी’ होते. लोक इतके घाबरलेले होते की त्यावर विश्वास बसणं साहजिकच होतं. पण कांद्यावरची ती काजळी बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या वेगळ्याच बुरशीची असते, आणि ती धुऊन कांदा चिरण्यात आपल्या पिढ्या गेल्या. लोक ज्याला ‘काळी बुरशी’ म्हणत होते त्या रोगाचं नाव म्युकरमायकोसिस, थोडक्यात म्युकर, आणि तो करणारी बुरशी तर काळी नसतेच. काळा पडतो तो रुग्णाच्या नाकातला किंवा टाळूवरचा मेलेला भाग. ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, आत गुठळी होते, पुढचं रक्त तुटतं आणि तिथलं मांस मरतं. नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांतून ती डोळ्याकडे सरकते, आणि वेळेत अडवली नाही तर मेंदूकडे.

या रोगाला सर्वाधिक कारणीभूत असते ती रायझोपस ही बुरशी. पावसाळ्यात दोन दिवस विसरलेल्या पावावर जो कापसासारखा थर येतो, त्यात ती असते. कुंडीतल्या मातीत, पालापाचोळ्यात, सडक्या फळांवर, सगळीकडे असते. तिचे बीजाणू हवेतून तुमच्या-माझ्या नाकात रोज जातात. मग सगळ्यांनाच हा रोग का होत नाही? कांद्यापेक्षा या प्रश्नाकडे आपलं लक्ष जायला हवं होतं.

उत्तर आपल्या पांढऱ्या पेशींत आहे. नाकात आणि फुप्फुसांत बसलेल्या भक्षक पेशी बीजाणू गिळतात आणि त्यांना रुजू देत नाहीत. त्यातूनही एखादा रुजलाच, तर न्यूट्रोफिल नावाच्या पेशी धावून येतात. आपली अस्थिमज्जा या पेशी दिवसाला सुमारे १० हजार कोटी बनवते. इतक्या लागतात, कारण त्यांचं आयुष्य जेमतेम काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. शत्रूचा वास काढत त्याच्यापर्यंत पोहोचायचं, त्याला गिळायचं आणि आत ऑक्सिजनपासून तयार केलेल्या जहाल रसायनांनी मारायचं, एवढंच त्यांचं काम.

रक्तात साखर वाढली की हे काम प्रत्येक टप्प्यावर मंदावतं. ‘साखर हे जंतूंचं खाद्य, म्हणून मधुमेह्याला संसर्ग जास्त’ असं सरसकट म्हटलं जातं. लघवीत साखर उतरली की तिथल्या बुरशीला आणि जंतूंना ती मिळते, तेवढ्यापुरतं ते खरंही आहे. पण निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर साखर असते, आणि जंतूंना तेवढीही पुरते. खरं नुकसान होतं ते आपल्या पहारेकऱ्यांचं.

ते कसं, हे मला फार विलक्षण वाटतं. न्यूट्रोफिलला मारक रसायन बनवायला एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो. तो त्याचा दारूगोळा समजा. पेशीत गरजेपेक्षा जास्त साखर शिरली की ती जादा साखर सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात बदलली जाते, आणि या बदलालाही एनएडीपीएचच खर्ची पडतो. म्हणजे लढाईसाठी ठेवलेला दारूगोळा साखरेचा पसारा आवरण्यातच संपतो. पेशी जागेवर असते, तपासणीत तिची संख्याही भरपूर दिसते, पण बार फुसका निघतो. शिवाय साखर प्रथिनांना चिकटते. ज्या चिकटण्यामुळे एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा रक्ततपासणीतला आकडा, वाढतो, तीच गोष्ट जंतूंवर खूण करणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीतही होते आणि ती आपलं काम नीट करेनाशी होतात.

म्युकरच्या बाबतीत आणखी एक घातक भर पडते. इन्सुलिन फारच कमी पडलं की शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून तयार होणारे कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साठतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. एरवी आपल्या रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन हे प्रथिन घट्ट धरून ठेवतं, जंतूंच्या हाती लागू देत नाही. आम्लता वाढली की ही पकड सुटते. रायझोपसला वाढायला लोहच हवं असतं. याचा पुरावा डॉक्टरांना अनपेक्षित ठिकाणी मिळाला होता. शरीरातलं जादा लोह काढण्यासाठी ज्यांना डेफेरॉक्सामिन हे औषध दिलं जाई, त्यांच्यात म्युकर जास्त आढळू लागला. औषधाने पकडलेलं लोह ही बुरशी चक्क हिसकावून घेत होती.

आता पुन्हा २०२१ कडे या. भारतात हा रोग कोरोनाच्या आधीही जगाच्या तुलनेत कितीतरी जास्त होता, आणि बहुतेक रुग्ण मधुमेहीच असत. त्यात स्टेरॉइडची भर पडली. कोरोनावरच्या औषधांच्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिलं होतं की डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं, तर ऑक्सिजनवर असलेल्यांचे जीव वाचतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीच फायदा झाला नव्हता. दुसऱ्या लाटेच्या धावपळीत मात्र अनेकांनी ते घरच्या घरी, तापाच्या पहिल्या दिवसांपासून घेतलं. स्टेरॉइड साखर चढवतं आणि पांढऱ्या पेशींनाही गप्प करतं. ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नव्हतं, त्यांची साखर कोण मोजणार होतं? कितीतरी जणांचा जबडा गेला, कितीतरी जणांचा डोळा काढावा लागला. या बुरशीवरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. हे सगळं कांद्यामुळे झालेलं नव्हतं.

साखर संसर्गाला वाट देते, तसा संसर्गही साखर वाढवतो. ताप आला की शरीर कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं, यकृत साखर बाहेर काढतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. लढणाऱ्या पेशींना इंधन मिळावं अशी ही योजना. निरोगी माणसात ती निभते, मधुमेह्यात बेताल होते. म्हणूनच ‘आज जेवलो नाही, मग इन्सुलिन कशाला?’ हे आपल्याकडे हमखास ऐकू येणारं वाक्य धोक्याचं आहे. ताप असताना उपाशी पोटीही साखर चढू शकते. विशेषतः टाइप १ मधुमेह असलेल्या, म्हणजे ज्याचं शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा मुलाचं इन्सुलिन पूर्ण बंद केलं तर तासांच्या हिशेबात कीटोन वाढतात. डोस किती ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवावं, आणि उलट्या-जुलाब असतील तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या हेही.

म्युकरची भीती सगळ्यांना लक्षात राहिली, पण याच कारणाने रोज आजारी पाडतो तो क्षय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याच देशात आहे. मधुमेह्याला क्षय होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट-तिप्पट. क्षयाचा जंतू फुप्फुसातल्या भक्षक पेशींच्या पोटातच राहतो. त्याला तिथे कोंडून ठेवायचं असेल तर टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना लवकर वर्दी पोहोचावी लागते. मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगांत ही वर्दीच उशिरा पोहोचताना दिसली, आणि तेवढ्या वेळात जंतूंची संख्या वाढून बसते.

म्हणून क्षयाचं निदान झालं की रुग्णाची साखरही तपासतात, आणि मधुमेह्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला सांगतात. क्षयावरचं रिफाम्पिसिन हे औषध मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर कमी करतं, त्यामुळे अशा रुग्णाला उपचाराच्या काळात बऱ्याचदा इन्सुलिनवर आणावं लागतं. काहींची साखर केवळ क्षयाच्या तापाने चढलेली असते आणि औषधं लागू पडली की आपोआप उतरते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या एका आकड्यावरून कुणाला जन्माचा मधुमेही ठरवत नाहीत. उपचार चालू झाल्यावर काही महिन्यांनी साखर पुन्हा मोजतात.