अफरवटवरील हिमस्खलन

अफरवट हा काश्मीरच्या पीर पंजाल रांगेतला, गुलमर्गला लागून असलेला पर्वत. तिथे न राखलेल्या उतारांवरून, म्हणजे सुरक्षित हद्द दाखवणाऱ्या दोरीबाहेर, स्कीइंग करणाऱ्यांना सर्वांत मोठा धोका असतो तो हिमस्खलनाचा. गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर. तिथून गोंडोलाचा (तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचा) पहिला टप्पा (१९९८) कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा (२००५) जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. पायी चढणारा माणूस वाटेत पायांखालचा बर्फ तासन्‌तास चाचपत असतो. गोंडोलातून आलेल्याची ती ओळख होतच नाही. मुख्य उतारावर गस्ती पथक स्फोट घडवून धोक्याचा बर्फ आधीच पाडते. दोरी ओलांडली की ही राखण संपते.

पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळे, आली की इथे दोन-तीन दिवसांत मीटरभर बर्फ साचू शकतो. पण सगळे अवलंबून असते ते त्याखाली काय आहे यावर. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. आकाश निरभ्र राहिले तर वरचा पृष्ठभाग कडाक्याचा थंड होतो आणि जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास राहते. या फरकामुळे आतली वाफ वर सरकते व बर्फाचे कण मोठे, कोनदार होतात. असा बर्फ मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. साखरेसारखा बोटांतून ओघळतो. चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मिरी हिवाळ्यातल्या सर्वांत कडक थंडीच्या (२१ डिसेंबर ते ३० जानेवारी) चाळीस दिवसांत त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो आणि कच्च्या थरावर एक लादी तयार होते. स्की करणाऱ्याच्या वजनाने खालचा थर बसला की ‘धप्प’ असा दबका आवाज येतो, तडा पळत जातो आणि अख्खी लादी एकदम सुटते. उताराखालच्या सपाटीवर पाय पडला तरी वरची लादी सुटू शकते.

सह्याद्रीत कडा जितका उभा तितका धोका, असा आपला हिशेब असतो. तो इथे चुकतो. फार उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या, म्हणजे स्कीइंगला सर्वांत मोहक वाटणाऱ्या उतारांवरूनच सुटतात. वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो, त्यामुळे आभाळातून एक कणही न पडता उतारावरचा भार वाढतो. वादळानंतरची निळी, लख्ख सकाळ म्हणूनच फसवी असते.

८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग परिसरात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू दगावला.

मनालीत १९६९ मध्ये स्थापन झालेली हिमस्खलन संशोधन संस्था २०२० पासून डीजीआरई (डिफेन्स जिओइन्फॉर्मॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट) या नव्या संस्थेचा भाग आहे. तिचे इशारे जिल्हा आणि उंचीनुसार असतात. एखाद्या विशिष्ट घळीचा निर्णय जागेवरच घ्यावा लागतो. त्यासाठी खड्डा खणून ३० सेंटिमीटर लांब-रुंद बर्फाचा खांब मोकळा करतात, वर फावड्याचे पाते ठेवतात आणि मनगटातून, कोपरातून व खांद्यातून प्रत्येकी दहा थापा मारतात. मनगटाच्या थापांतच खांब सपाट चिरून पुढे सरकला तर तो उतार सोडावा. झाडेही साक्ष देतात: चढाकडच्या फांद्या तुटलेल्या दिसल्या तर ती स्खलनाची जुनी वाट समजावी.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर ही शक्यता जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. गावातून मदत यायला याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे प्रत्येकाकडे ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारे रेडिओ-यंत्र), शोधकाठी आणि धातूचे फावडे लागते, आणि उतारावर एका वेळी एकानेच उतरायचे, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावरची नजर काढायची नाही.