माईक वीतभर नको, चार बोटांवर

गावात वर्गणी जमली आणि भजनी मंडळासाठी साउंड घ्यायचं ठरलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यायचा? दुकानदारही वॅटच सांगतो. पण सप्ताहात, खंजिरी भजनात किंवा खडी गंमतीच्या (विदर्भातलं लोकनाट्य) रात्री जी अडचण येते ती क्वचितच वॅटची असते. ॲम्प्लिफायरचं बटण अर्ध्यावरही गेलेलं नसतं आणि माईक चुईं करायला लागतो. ताकद ॲम्प्लिफायरमध्ये शिल्लक असते, पण ती बाहेर काढता येत नाही. शंभर वॅटच्या जागी चारशे वॅटचा आणला तरी तो तिथंच अडेल.

माईकने गायकाचा आवाज घेतला, ॲम्प्लिफायरने मोठा केला, स्पीकरने बाहेर टाकला. त्यातला थोडा परत माईकमध्ये गेला. हा परतीचा आवाज मुळातल्यापेक्षा लहान असेल तोवर सगळं ठीक चालतं. एखाद्या सुरावर तो मुळाइतका झाला, की प्रत्येक फेरीत वाढत जातो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत शिट्टी होते. म्हणजे शिट्टी टाळायला दोनच वाटा आहेत: गायकाचा आवाज माईकमध्ये जास्त जावा, किंवा स्पीकरचा कमी जावा. दोन्ही वाटा अंतरावरून जातात, आणि अंतराला पैसे पडत नाहीत.

माईक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की माईकवर पडणारा आवाजाचा दाब दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबलने वाढतो (डेसिबल हे आवाजाचा जोर मोजायचं माप). तेवढीच वाढ वॅटमधून मिळवायची तर चौपट वॅट लागतात. आता हातानेच मोजून पाहा. एक वीत म्हणजे साधारण २२ सेंटीमीटर, चार बोटं म्हणजे सात-साडेसात. वीतभर लांब धरलेला माईक चार बोटांवर आणला तर सुमारे साडेनऊ डेसिबल हाती येतात, जवळजवळ नऊपट ताकदीची बरोबरी. गाणारा लाजून माईकपासून मागे सरकतो आणि मागे बसलेला मुलगा ॲम्प्लिफायरचं बटण वाढवतो, तेव्हा दोघं मिळून शिट्टीलाच बोलावत असतात.

चार बोटांवर गाताना खर्ज फुगतो. एका दिशेने ऐकणाऱ्या सगळ्या माईकचा तो गुणधर्म आहे. मिक्सरवर (सगळे माईक जोडून प्रत्येकाचा आवाज जुळवतात ते यंत्र) लो-कटचं बटण असेल तर ते दाबावं (७५ ते १०० हर्ट्झच्या खालचं कापतं), नसेल तर बास थोडा उतरवावा. ‘प’ आणि ‘भ’ फटकन आदळू लागले तर माईक ओठांच्या अगदी समोर न धरता जरा बाजूला, गालाच्या दिशेने धरावा. स्पंजची टोपी पाच-पन्नास रुपयांत मिळते. ती घालावीच, थुंकी आणि धूळ दोन्ही अडतात.

गाण्यासाठी माईक डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) आणि कार्डिऑइड घ्यावा. कार्डिऑइड म्हणजे समोरचं पूर्ण ऐकणारा, बगलेचं ६ डेसिबलने कमी आणि पाठीमागचं जवळजवळ काहीच न ऐकणारा. जगभरच्या स्टेजवर दिसणारा शुअर कंपनीचा एसएम-५८ याच जातीचा आहे. १९६६ साली तो बाजारात आला आणि आजही बनतो. त्याची किंमत परवडत नसेल तर याच धाटणीचे दोन-अडीच हजारांचे माईक खेड्यातल्या कार्यक्रमाला पुरेसे आहेत. एसएम-५८ च्या नावाने नकली माल भरपूर विकला जातो, म्हणून तो अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि बिलासकट घ्यावा. सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचं आणखी अरुंद ऐकणाऱ्या माईकची आंधळी बाजू पाठीमागे सरळ नसते. ती समोरून मोजल्यास साधारण १२५ अंशांवर, दोन्ही अंगांना असते. त्यामुळे गायकासमोर पायाशी मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) ठेवायचा तर कार्डिऑइडला तो माईकच्या थेट पाठीमागे ठेवावा आणि सुपरकार्डिऑइडला तिरपा. हे न पाहता ठेवलेला मॉनिटर चांगल्या माईकलाही रडवतो.

माईकची जाळी मुठीत आवळून धरणं ही सवय मात्र मोडावीच लागते. माईक पाठीमागचं ऐकत नाही, कारण जाळीच्या मागच्या भागातून आणि कॅप्सूलच्या (आवाज पकडणारा आतला भाग) छिद्रांतून हवा आत जाते आणि मागून आलेला आवाज आतल्या आत खोडला जातो. ती वाट मुठीने बुजवली की माईक चारही बाजूंनी ऐकू लागतो. शिट्टी वाजल्यावर घाबरून माईक मुठीत दाबला की ती वाढते, ती यामुळेच.

खंजिरी भजनात आणखी एक पेच असतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीच्या आश्रमातून ही परंपरा विदर्भातल्या गावागावांत पोचवली. त्यात गाणारा तोच खंजिरी वाजवतो आणि खंजिरी खांद्याच्या उंचीवर, तोंडाच्या अगदी शेजारी असते. तिची थाप गळ्यापेक्षा मोठी. माईक समोर सरळ ठेवला तर थाप शब्द गिळते. खंजिरी डाव्या हातात असेल तर स्टँड उजवीकडून आणावा आणि माईक थोडा खालून, तोंडाकडे वर बघणारा असा वळवावा, की त्याची पाठ खंजिरीकडे जाईल. एवढ्याने शब्द मोकळे होतात. खंजिरीला वेगळ्या माईकची गरज नसते. डग्गा, टाळ यांना एकेक माईक देण्याचा मोहही आवरावा. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी मोकळीक ३ डेसिबलने घटते. सहा माणसांच्या मंडळाला मुख्य गायक, कोरस आणि पेटी असे तीन माईक पुरतात. ज्याची पाळी नाही तो माईक बंद ठेवावा.

स्पीकर घेताना खोक्यावर लिहिलेला पीएमपीओ वॅटचा आकडा वाचूच नये. तो क्षणभराचा, कागदावरचा आकडा आहे. आरएमएस वॅट (सतत पेलता येणारे) विचारावेत आणि त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी विचारावी, म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात ते. ९० डेसिबलचा स्पीकर आणि ९७ डेसिबलचा स्पीकर यांत ७ डेसिबलचं अंतर, म्हणजे पाचपट वॅटचा फरक. ९७ डेसिबलचा स्पीकर शंभर वॅटवर एका मीटरवर ११७ डेसिबल देतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणजे सोळा मीटरवर ९३ उरतात. दीड-दोनशे माणसांच्या मांडवाला हे भरपूर आहे. स्पीकर जमिनीवर ठेवला तर पहिल्या ओळीचे कान फुटतात आणि मागच्यांना समोरच्यांच्या पाठीच ऐकू येतात. माणसाच्या डोक्याच्या वर, सहा-सात फुटांवर चढवावा. आणि गायकांच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवावा. एवढं एक पाऊलही शिट्टीला मागे ढकलतं.

भोंगा दूरवर बोलणं पोचवायला उत्तम, गाण्याला नाही. तो मधले सूर जोरात फेकतो, खालचे त्याला पेलत नाहीत. बास वाढवून डग्ग्याचं काम त्याच्याकडून घ्यायला गेलं की आतल्या युनिटचा डायफ्रॅम फाटतो. युनिट वारंवार उडत असेल तर आधी बासचं बटण बघावं, मग दुकानाचा रस्ता धरावा.

उन्हाळ्यात सायंकाळी चार वाजता साउंड लावून पाहिलेला असतो. तो रात्री नऊला निराळाच वाटतो आणि यात भास नाही. दिवसा तापलेल्या काळ्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो (२० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५८), म्हणून लाटेचा खालचा भाग पुढे निघतो आणि आवाज वर वळून आभाळाकडे जातो. रात्री जमीन निवते, थंड हवा खाली बसते आणि आवाज जमिनीकडे वाकतो. हिवाळ्यातल्या शांत रात्री शेजारच्या गावचं भजन शब्दासकट ऐकू येतं ते यामुळे. तेव्हा रात्री बटण उतरवावं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं.

आता वायर. कार्यक्रमाच्या मधोमध जो माईक बंद पडतो, तो बहुतेक वेळा माईक नसतो, वायर असते. आपल्याकडे माईकच्या वायरीला ॲम्प्लिफायरच्या बाजूने पी-३८ जॅक (एकाच जाड गोल पिनेचा) लावलेला असतो. तीन-चार मीटरपर्यंत तो चालतो, पंधरा मीटरवर गुणगुण पकडतो. दोन्ही टोकांना एक्सएलआर (तीन पिनांचा प्लग) असलेल्या वायरीत तोच आवाज दोन तारांवरून उलटसुलट पाठवतात. वाटेत शिरलेली विजेची गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच असते आणि मिक्सर दोघांतला फरक घेतो, त्यामुळे गुणगुण आपोआप वजा होते. पिन १ ला वायरीतली जाळी (शील्ड), २ आणि ३ ला दोन तारा. सोल्डरिंग येत असेल तर स्वतः केलेली वायर दुकानातल्या तयार स्वस्त वायरीपेक्षा टिकते. लाइटची वायर आणि माईकची वायर एकाच बंडलात बांधू नये. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

माईकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या तर गाणं थांबवून सगळं बंद करावं. अर्थिंग नाही किंवा कुठेतरी फेज-न्यूट्रल उलटलं आहे. ते वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन मोडणं हा जिवाशी खेळ आहे. मिक्सर, ॲम्प्लिफायर, लॅपटॉप एकाच बोर्डावर लावले की ती गुणगुण बहुधा तशीच जाते. चालू करताना ॲम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी, बंद करताना सगळ्यांत आधी. डिझेल जनरेटरवर तर हा क्रम चुकवूच नये.

तीस-पस्तीस हजारांत काय बसतं? तीन डायनॅमिक माईक, तीन मजबूत स्टँड, पाच एक्सएलआर वायरी (एक मिक्सरपासून स्पीकरपर्यंत, एक शिलकीची), चार माईक लागतील असा लहान मिक्सर आणि बारा इंची एक ॲक्टिव्ह स्पीकर, म्हणजे ॲम्प्लिफायर पोटातच असलेला. दुसरा स्पीकर पुढच्या वर्षी. इको असलेल्या मिक्सरला जास्त पैसे मोजू नयेत. सिमेंटच्या सभामंडपात आणि टिनांच्या शेडमध्ये इको फुकट मिळतो, तोही गरजेपेक्षा जास्त.

रेकॉर्डिंगला मात्र हाच इको शत्रू. स्लॅबच्या, टाइल्स लावलेल्या खोलीत टाळी वाजवली तर झण्ण असं शेपूट ऐकू येतं. ते शेपूट प्रत्येक शब्दाला चिकटतं आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. कवेलूचं, मातीच्या भिंतींचं घर यात कितीतरी बरं. आणि विदर्भात वर्षातून दोन-तीन महिने घरोघरी एक अस्सल स्टुडिओ तयार होतो. वेचणीनंतर भाव वाढण्याची वाट बघत ज्या खोलीत कापूस भरून ठेवतात, तिच्या दारात उभं राहून टाळी वाजवा. टाळी तिथंच मरते. कापसाच्या तंतूंमधून हवा मागेपुढे होताना घासली जाते आणि आवाजाची शक्ती उष्णतेत जाते. स्टुडिओवाले काचलोकर लावून हेच करतात.

यात जाडीला महत्त्व आहे. शोषून घेणारी वस्तू भिंतीपासून लाटेच्या लांबीच्या चौथ्या भागाइतकी पुढे पोचली तर तिचं काम सगळ्यांत चांगलं होतं. हजार हर्ट्झच्या सुराची लाट ३४ सेंटीमीटर, तिचा चौथा भाग साडेआठ. शंभर हर्ट्झला तोच ८५ सेंटीमीटर होतो. म्हणून भिंतीला चिकटवलेली पातळ चादर फक्त ‘स’ आणि ‘श’ मऊ करते, अंड्यांचे ट्रे तर जवळजवळ काहीच करत नाहीत. कापूस विकला गेला असेल तर गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बगलांना जाड रजया दोरीवर टांगाव्यात, भिंतीपासून वीतभर पुढे. पाठीमागे सगळ्यांत आधी, कारण माईक तिकडेच बघत असतो. गुंडाळलेल्या गाद्या कोपऱ्यात उभ्या कराव्यात. कापसाच्या खोलीत चार्जर, बोर्ड, दिवा काहीही नेऊ नये. माईकची वायर आत, बाकी सगळं बाहेरच्या खोलीत.

कूलर आणि पंखा बंद, फ्रिजही तेवढ्यापुरता. पहाटेची वेळ साधावी. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. चार्जर काढताच किर्रर्र थांबली तर दोष चार्जरचा आहे, माईकचा नाही. स्वस्त इन्व्हर्टरवर भर्रर्र येते, कारण त्याची वीज गोल लाटेची नसून चौकोनी असते.

माईक लॅपटॉपला जोडायला दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस घ्यावा. साधे चार-पाच हजारांपासून मिळतात. ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (वायरीतूनच माईकला जाणारी वीज) त्यात असतंच असं समजू नये, बघून घ्यावं, कारण कंडेन्सर माईक, म्हणजे स्टुडिओत वापरतात तो नाजूक माईक, त्याशिवाय चालत नाही. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी मोफत आहे आणि पुरे आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ निवडावं. सगळ्यांत जोरदार थाप वाजवून घ्यावी आणि काटा उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (माईकचा आवाज वाढवणारं बटण) ठेवावा. २४ बिटला खाली जागा मुबलक असते. शून्याच्या वर गेलेली थाप मात्र कायमची फाटते. ऐकायला तारेचाच हेडफोन घ्यावा. ब्लूटूथमध्ये आवाज एवढा उशिरा पोचतो की गाणारा तालातून सुटतो.

आणि एकच माईक असेल तर मिक्सरचं काम जमिनीवर करता येतं. गायक माईकपासून एक फुटावर, पेटी दोन फुटांवर, ढोलकी चार फुटांवर, टाळ आठ फुटांवर बसवा. प्रत्येक दुपटीला ६ डेसिबल उतरतात. एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. टाळ टोचले तर टाळकरी एक हात मागे, पेटी बुडाली तर पेटी वीतभर पुढे. तीन-चार फेऱ्यांत तोल जमतो. जमला की प्रत्येकाच्या जागेवर खडूने खूण करून ठेवा.

पावसाळ्यात कंडेन्सर माईक ओल धरून तडतडतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवावा. डायनॅमिक माईकची जाळी फिरवून काढावी, साबणाच्या पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी.